लुगड्यातली रागी

आमची व्हिस्कीची भट्टी आहे असं सांगितलं की समोरच्या माणसाची जात लगेच कळते. काही जण खुर्ची जवळ ओढतात. उरलेले घोटभर पाणी पितात आणि माझं लग्न जमताना अडचण आली नव्हती का, असं आडून विचारतात. आली होती. पुण्याच्या एका घराने "आमच्याकडे हे चालत नाही" एवढाच निरोप पाठवला होता. आमच्याकडेही चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार? बेंगळुरूतल्या जे. पी. नगरच्या आमच्या घरात आजवर दारूची एक बाटली आलेली नाही. आईने स्वतःच्या लग्नाच्या वेळी घातलेली ती अट होती आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मुकाट पाळली. भट्टीतसुद्धा ते थेंबभर जिभेवर घेतात आणि थुंकून टाकतात. हलवायाला स्वतःच्या जिलबीचं कौतुक नसतं, असं ते म्हणतात.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. आजोबा तंबाखूच्या वखारीत पानाचा वास घेऊन त्याची प्रत लावायचे. पुढे ते पोटासाठी बेंगळुरूला आले, एका बिअरच्या कारखान्यात सातूला मोड आणण्याच्या कामावर लागले आणि उतारवयात शहराबाहेर आनेकलच्या पुढे थोडी जमीन घेऊन तांब्याची एक भट्टी बसवून मोकळे झाले. ती भट्टी अप्पांनी वाढवली. आमच्या घराण्यात इस्टेट म्हणावी असं काही असेल तर ते नाक. अप्पांचं नाक तर विचारूच नका. संध्याकाळी घरी आले की चपला काढता काढता ते सांगायचे, समोरच्यांकडे आज हुळीसारू, म्हणजे चिंचेचं सार आहे, वरच्यांचं दूध लागलंय, आणि आपल्या डाळीत हिंग कमी पडलाय. आईला याचा भयंकर राग यायचा, विशेषतः शेवटच्या भागाचा.

भट्टीत त्यांची वास घेण्याची एक रीत होती. तांब्याच्या भट्टीतून नुकतीच आलेली पाण्यासारखी नितळ धार ते ओंजळीत घ्यायचे आणि दोन्ही तळवे चोळायचे. दारूचा उग्रपणा उडून जायचा आणि तळव्यांवर राहायचा तो धान्याचा वास. मग ते हात तोंडावर धरून उभे राहायचे, देवासमोर उभं राहतात तसे. लोक कौतुकाने "पहिल्या धारेची" म्हणतात, पण आमच्याकडे पहिली धार बाजूला काढून टाकतात. ती विषारी असते आणि तिला नेलपॉलिशसारखा वास येतो. ती संपून चांगली धार कधी सुरू झाली, हे अप्पा तळवे हुंगून ठरवायचे. ते "आता" म्हणाले की आमचे अण्णा नळी दुसऱ्या भांड्यात वळवायचे. अण्णा म्हणजे आमचे भट्टीवाले, आनेकलचेच, आजोबांच्या वेळेपासूनचे. ते आमचे नातेवाईक नाहीत, पण घरातल्या सगळ्या लग्नांत पहिल्या पंगतीला असतात.

आमची व्हिस्की सातूची. ती तयार झाली की एक मोठी कंपनी घेऊन जाते, आपल्या मालात मिसळते आणि ज्या बाटलीत भरते तिच्यावर धुक्यातला एक विलायती किल्ला असतो. आमचं नाव कुठेच नसतं. तरुणपणी अप्पांना याचं काही वाटत नव्हतं. पंचाहत्तरी उलटली तसं वाटायला लागलं. भट्टीच्या चहूबाजूंना रागी डोलते, रागी म्हणजे आपली नाचणी. सुगीत शेतकरी ती कापून रस्त्यावर पसरतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या बस-लॉऱ्या तिच्यावरून जाऊन फुकटात मळणी करून देतात. आणि आपण त्याच रस्त्यावरून राजस्थानचा सातू आणतो, असं अप्पा म्हणायचे. त्यांना एकच गोष्ट हवी होती. रागीची व्हिस्की, बाटलीवर आनेकलचं आणि आपलं नाव, आणि हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. व्हिस्की लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरावी लागते. त्यामुळे त्यांना घाई होती.

त्यांनी रागीची व्हिस्की करायला घेतली तेव्हा मी भट्टीत नव्हते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या चुका शोधून काढायची आणि त्याबद्दल पगार घ्यायची. पण घरात जे चाललं होतं ते पाहत होते. माझी आजी रागीला मोड आणून सत्त्व करायची. रागी भिजवून आपल्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्यात बांधायची आणि गाठोडं उबेला ठेवायची. अप्पांनी तसंच करायचं ठरवलं. तसंच म्हणजे अगदी तसंच. त्यांनी माळ्यावरची ट्रंक उतरवून आजीचीच लुगडी बाहेर काढली. आई म्हणाली, द्या, धुऊन देते. अप्पा म्हणाले, साबणाला हात लावू नकोस, साबणाचा वास धान्याला लागतो. मग त्यांनी स्वतः ती साध्या पाण्यातून काढली, त्यांत रागी बांधली आणि गच्चीवर गाठोडी रांगेने ठेवली. मोड आल्यावर उन्हात वाळवून, दळून, प्रयोगाच्या छोट्या भट्टीत ती गाळली. एक लहानसं पिंप भरलं. पिंप भरलं त्या दिवशी अप्पांनी आम्हाला सगळ्यांना पेढे वाटले.

पुढे मी नोकरी सोडून भट्टीत आले. इतरांच्या चुका काढायचा कंटाळा आला होता, निदान मला तेव्हा तसं वाटलं होतं. रागीच्या पिंपाची तीन वर्षं भरली तो हिवाळा माझ्या चांगला लक्षात आहे. अप्पांनी निपाणीच्या यच्चयावत नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं की यंदा आपली बाटली येतेय. बाटलीवरचं चित्रही काढून घेतलं होतं, रागीच्या कणसाचं. कणीस कमी आणि कोंबड्याचा पाय जास्त दिसत होता, पण हे बोलायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या गोदामाला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली आमच्याकडे, दुसऱ्याची अबकारी खात्याच्या मॅडमकडे. त्या आल्या, कुलपं निघाली. आत लाकूड, धूळ आणि व्हिस्की यांचा मिळून एक गोडसर वास कायम असतो. बेंगळुरूच्या हवेत पिंपातलं बरंच काही दरवर्षी उडून जातं. परदेशात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात म्हणे. अप्पा त्याला नैवेद्य म्हणतात. अण्णांनी पिंपाचं बूच काढलं, आत काचेची नळी सोडली आणि थोडी व्हिस्की एका ग्लासात घेतली. रंग सुरेख आला होता. अप्पांनी ती तळव्यांवर घेऊन चोळली, चेहऱ्यावर हात धरले आणि बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आली. भाजलेली रागी, काकवी, आणि मागून जरा ओली माती."

मग त्यांनी माझ्या हातावर ओतली. मी तळवे चोळले आणि नाकाशी नेले.

डांबराच्या गोळ्या. दुसरं काही नाही. लग्नाची पैठणी काढायला ट्रंक उघडावी आणि भपकन यावा तो वास. मी पुन्हा हुंगलं. पुन्हा तेच. मी अण्णांकडे पाहिलं, तर अण्णा आपल्या चपलांकडे पाहत होते. मॅडम दाराशी उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. अप्पा माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "कशी आहे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रंग छान आलाय." ते खूश झाले. मी तळवे पाठीमागे नेऊन पुसले.

दुपारी अप्पा जेवायला बसले तेव्हा मी अण्णांना मोड आणायच्या खोलीमागे गाठलं. आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले की वास पहिल्या दिवसापासून आहे, पहिली धार पडली तेव्हाच त्यांनी साहेबांना सांगितलं होतं की औषधासारखी काहीतरी वासने, त्यांच्या कानडीत वास, येतेय. साहेब म्हणाले होते, रागीची आहे, तुला सवय नाही. "अक्का, त्यांच्या नाकापुढे मी काय बोलणार?" असं अण्णा म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. ज्या माणसाच्या शब्दावर आयुष्यभर नळी वळवली, त्याला तुमचं नाक चुकतंय असं कसं म्हणायचं?

घरी आल्यावर मी आईला ट्रंकेबद्दल विचारलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "सासूबाईंची लुगडी. दर दिवाळीला मी त्यात डांबराच्या गोळ्या टाकत आलेय. नाहीतर उरली असती का? मी म्हटलं होतं, धुऊन देते." मग माझ्याकडे पाहून तिच्या लक्षात आलं आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली.

साबणाचा वास लागू नये म्हणून एवढं जपणाऱ्या माणसाला डांबराच्या गोळ्यांचा वास आला नाही, याचा अर्थ एकच होता. आम्ही दोघींनी मिळून मागचं आठवायला सुरुवात केली. रागी भिजवली त्याच्या थोडं आधी अप्पांना ताप येऊन गेला होता, गावभर ज्याची साथ होती तोच. तो उतरला तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला होता. पण त्यानंतर त्यांनी समोरच्यांकडे काय शिजतंय हे कधी सांगितलं नव्हतं. हिंग कमी पडल्याची तक्रार केली नव्हती. आईला वाटलं होतं, उशिरा का होईना माणूस सुधारला. म्हणजे इतकी वर्षं ते तळवे चोळून चेहऱ्यावर धरत होते, आणि नळी वळवायची वेळ दारूचा जोर सांगणाऱ्या मीटरवरचा आकडा आणि जुनी सवय यांवर ठरवत होते. सातूच्या व्हिस्कीत ते निभावलं, कारण तिची वाट मळलेली होती. रागीची वाट नवी होती.

मला त्यांचा खूप राग आला. लपवल्याचा राग, आणि त्याहून जास्त, ते एकटेच हे सगळं वागवत होते त्याचा. रडूही आलं. आई म्हणाली की त्यांना सांगू नकोस, भरू दे एवढी बाटली, नातेवाइकांपैकी कुणाला काय कळतंय. क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण त्या बाटलीवर आमचं नाव असणार होतं. पहिल्याच माणसाने बूच काढून नाक मुरडलं असतं आणि ते कुणीतरी अप्पांना ऐकवलंच असतं. ते परक्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि सरळ सांगून टाकलं. "अप्पा, रागीच्या पिंपाला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. आजीच्या लुगड्यांचा."

त्यांनी पेपर खाली केला नाही. रागी आहे ती, असं म्हणाले. मी म्हटलं की आईचं कपाट मी लहानपणापासून उघडतेय, मला तो वास कळतो. पेपर तसाच वर राहिला. मग मी विचारलं, "तुम्हाला काय येतं?"

अप्पांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "काही नाही येत," ते म्हणाले. "तापापासून काहीच नाही. आठवून आठवून सांगतो." मग म्हणाले, "नळ्या अण्णा वळवतो, हिशेब तू बघतेस. भट्टीत माझं दुसरं काम काय आहे की, सांग बघू."

डॉक्टरला दाखवू, असं मी म्हटलं, तर ते एकदम उखडले. या वयात नाक दुरुस्त करून घेऊन काय करू, मसणातली राख हुंगू? असं म्हणून खाली निघून गेले. पुढचे काही दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. निपाणीला मात्र स्वतःच फोन केले आणि यंदा बाटली नाही म्हणून सांगितलं. कारण कुणाला सांगितलं नाही. आईने जेवताना दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला आणि मग तिनेही नाद सोडला. ते दिवस वाईट होते.

रीतसर परवानगी काढून ते पिंप मॅडमच्या समोर रिकामं केलं. बूच अप्पांनी स्वतः काढलं. व्हिस्की वाहून जात होती तेव्हा ते तिच्याकडे न बघता बाहेरच्या शेताकडे बघत होते. रागी कापणीला आली होती. परत येताना गाडीत ते अचानक म्हणाले की आनेकलच्या अलीकडे जो म्हातारा आहे त्याची रागी बुटकी पण चवीची असते, त्याच्याशी बोलून ठेव. मी गाडी बाजूला घेतली आणि तिथल्या तिथे फोन लावला. अशा वेळी जास्त बोलू नये एवढी अक्कल मला आहे.

त्यानंतर त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नसतील. मी इंटरनेटवरून व्हिस्कीच्या वासांचे शब्द पाठ करून ठेवले होते, व्हॅनिला, कॅरॅमल, सुका मेवा. सातूच्या एका पिंपाचा वास घेऊन मी कॅरॅमल म्हटलं तेव्हा अप्पा म्हणाले, "कॅरॅमल तू कधी खाल्लंस? काकवी म्हण की. जो वास आपण भोगलाय तोच ओळखता येतो." मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. कॉफीच्या दुकानात दळण चालू असताना उभं राहायचं. वाण्याकडे धन्याच्या पोत्यात नाक घालायचं. वाण्याने "अक्का, स्वल्प लांबून," असं म्हणेपर्यंत तिथून हलायचं नाही. ओली गोणपाटं, भाजके शेंगदाणे, उतू गेलेलं दूध, पावसात भिजलेली वैरण, गंजलेला नळ. मी हुंगायचं आणि सांगायचं, अप्पांनी प्रश्न विचारायचे. हा वास नाकात वर बसतो की घशात उतरतो? हुंगल्यावर गार लागतो की गरम? आधी कोणता येतो आणि मागे कोणता राहतो? त्यांना काहीच येत नव्हतं, आणि तरी त्यांच्याइतकं वासाबद्दल बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं की शेंगदाण्यात आणखी काही नाही. ते शांतपणे म्हणाले, टरफल आहे, नीट बघ. खरंच होतं.

या वेळी मोड आणायला कापड कोणतं, हा प्रश्न आईने कुणाला विचारला नाही. तिने कोरं मांजरपाट आणलं, दोनदा उकळलं आणि गच्चीवर कडक उन्हात घातलं. "आता याला बघ वास येतो का," म्हणत माझ्या नाकाशी धरलं. फक्त उन्हाचा येत होता. अप्पा गच्चीवर रोज तीन वेळा गाठोड्यांना हात लावून त्यांची ऊब बघत. ते काम हाताचं होतं आणि त्यांच्यासारखं ते आम्हाला कुणालाच जमत नव्हतं.

गाळायचा दिवस आला. छोटी भट्टी तापली, नळीतून पहिली धार पडायला लागली. अण्णा सवयीने अप्पांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. अप्पांनी माझ्याकडे बोट केलं आणि दोन पावलं मागे सरकले. मी तळवे चोळून हुंगले. नेलपॉलिश. थांबा म्हटलं. पुन्हा हुंगलं, थांबा म्हटलं. मीटर म्हणत होता की आता वळवायला हरकत नाही, अण्णांचा हात नळीवर होता, आणि मला अजून काहीतरी बोचरं येत होतं. मागे वळून विचारावंसं वाटलं, पण विचारून उपयोग नव्हता हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मग एकदम ते बोचरं गेलं. तळव्यांवर भाजलेल्या रागीचा वास राहिला, गरम, आणि त्यामागे मोड आलेल्या धान्याचा हिरवा गोडवा.

"आता," मी म्हटलं. अण्णांनी नळी वळवली.

अप्पा पुढे आले. त्यांनी विचारलं काय आलं, मी सांगितलं. घशात उतरतो का, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरं काही नाही ना? माझ्या समाधानासाठी सांगू नकोस."

"तुमच्या समाधानासाठी सांगायचं असतं तर मागच्या पिंपाच्या वेळीच सांगितलं असतं," मी म्हटलं. ते हसले. गच्चीवरच्या त्या सकाळनंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

संध्याकाळी घरी निघालो. आनेकल मागे पडलं, शहराची गर्दी सुरू झाली. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. पिंप उघडायला आता तीन वर्षं, असं ते स्वतःशीच पुटपुटले आणि बोटांवर स्वतःचं वय मोजलं. मला ते बघवेना. म्हणून मी आवाज चढवून म्हटलं की मोजत काय बसलात, तुम्हाला तिथे यायचंच आहे.

"येणार की," ते म्हणाले. "पण नुसता उभा राहायला येणार नाही. तो नाकाचा डॉक्टर तू म्हणत होतीस, त्याची उद्याची वेळ मिळते का बघ."